एलियन आणि सरकारी गुपितांची कादंबरी वाचून झाल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या जातीच्या कादंबरीचा सांगाडा ओळखीचा असतो. वाळवंटात काहीतरी पडतं, लष्कर जागा वेढतं, साक्षीदारांना दम दिला जातो आणि तीस-चाळीस वर्षांनी कुणीतरी जुनी फाईल उघडतं. पुस्तक मिटलं की वाचक प्रतिक्रिया देतात, आणि त्या प्रतिक्रियांमधून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बरीचशी उदाहरणं अमेरिकेतली आहेत, कारण या कथांचं मूळ तिथे आहे. भारतातली आणि महाराष्ट्रातली प्रकरणं पुढे येतात.

या कादंबऱ्यांतलं खरं किती असतं?

गुप्तता खरी असते. तिच्या पोटात काय होतं, ते लेखकाने बदललेलं असतं. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने कागद दडवले, लोकांना अर्धवट माहिती दिली, कधी सरळ खोटं सांगितलं. पण त्या फायली उघड झाल्या तेव्हा त्यांतून निघाले ते फुगे, टेहळणी विमानं आणि सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणारी यंत्रं. तेव्हा ‘सरकार काहीतरी लपवतंय’ ही वाचकाची शंका अनेकदा बरोबर असते. ‘म्हणजे एलियनच’ हे पुढचं पाऊल मात्र स्वतंत्र पुराव्यावाचून टाकता येत नाही. कादंबरी ती मधली जागा कल्पनेने भरते, आणि ती किती ताकदीने भरली आहे यावरच तिला जोखायला हवं.

रॉसवेलला नेमकं काय सापडलं होतं?

१९४७ च्या जूनमध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका कुरणावर डब्ल्यू. डब्ल्यू. ब्राझेल या पशुपालकाला काही अवशेष विखुरलेले दिसले: रबराच्या पट्ट्या, चंदेरी वर्ख, चिवट कागद आणि बारीक काड्या. ९ जुलैच्या स्थानिक वर्तमानपत्रात त्याची मुलाखत छापून आली. त्यात सगळ्या मालाचं वजन पाचेक पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास दिलेलं आहे, आणि फुलांची नक्षी छापलेल्या चिकटपट्टीचाही उल्लेख आहे.

मधल्या काळात २४ जूनला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याचं सांगितलं होतं आणि देशभर ‘उडत्या तबकड्यां’ची हवा झाली होती. त्या हवेत ८ जुलैला रॉसवेलच्या लष्करी हवाई तळाने ‘तबकडी हाती लागली’ असं पत्रक काढलं. काही तासांतच फोर्ट वर्थला जनरल रोजर रेमी यांनी तो हवामानाचा फुगा असल्याचं जाहीर केलं.

१९९४ मध्ये हवाई दलाने आपला अहवाल दिला. त्यानुसार ते अवशेष बहुधा प्रोजेक्ट मोगल या गुप्त प्रकल्पाच्या फुग्यांच्या माळेचे होते. निओप्रीनचे अनेक फुगे एकाखाली एक बांधायचे, त्यांना रडारवर दिसावं म्हणून वर्ख लावलेल्या कागदाचे आणि बाल्सा लाकडाच्या काड्यांचे परावर्तक लटकवायचे आणि सोबत ध्वनी टिपणारी उपकरणं. दूरवरच्या अणुस्फोटाचा नाद वातावरणाच्या वरच्या थरातून ऐकू येतो का, हे तपासायचं होतं. न्यूयॉर्क विद्यापीठाचा गट अलामोगोर्डोहून हे फुगे सोडत असे. ४ जूनचं उड्डाण क्रमांक ४ या प्रकरणाशी जोडलं जातं. त्या गटातले अभियंते चार्ल्स मूर यांनी नक्षीच्या पट्टीचाही उलगडा केला: परावर्तक बनवताना ती वापरली होती आणि खेळण्यांच्या धंद्यातून आली होती.

इथे एक बारकावा बहुतेक कादंबऱ्यांतून निसटतो. फुगे, परावर्तक, चिकटपट्टी यांतलं काहीच गुप्त नव्हतं. गुप्त होता तो उद्देश. त्यामुळे अवशेष हातात घेतलेल्या अधिकाऱ्यालाही आपण काय पाहतोय ते कळायला मार्ग नव्हता, आणि ‘हवामानाचा फुगा’ हे उत्तर निम्मं खरं होतं. निम्मं खरं उत्तर पुढे उघडं पडतं तेव्हा लोकांचा विश्वास कायमचा उडतो. रॉसवेलच्या दंतकथेला खरं खतपाणी तिथून मिळालं.

मग तिथल्या मृतदेहांचं काय?

१९४७ च्या बातम्यांत मृतदेह नाहीत. प्रकरण तीसेक वर्षं जवळपास विस्मरणात होतं. १९७८ मध्ये, १९४७ ला ते अवशेष गोळा करणारे निवृत्त अधिकारी जेसी मार्सेल यांच्या मुलाखतीनंतर ते पुन्हा उचललं गेलं आणि मृतदेहांच्या कथा त्यानंतर जमत गेल्या. हवाई दलाने १९९७ च्या दुसऱ्या अहवालात म्हटलं, की लोकांनी पाहिले ते पॅराशूटच्या चाचण्यांसाठी उंचावरून टाकलेले मानवाकृती पुतळे. ते पुतळे १९५० च्या दशकातले आहेत. साक्षीदारांच्या आठवणीत वर्षं सरमिसळ झाली, असं गृहीत धरल्याशिवाय हा खुलासा उभा राहत नाही. आम्हाला तो कमकुवत वाटतो. मोगलच्या खुलाशामागे वस्तूंचं वर्णन, तारीख आणि जागा तिन्ही आहेत. पुतळ्यांच्या खुलाशामागे तेवढं बळ नाही. दोन्ही अहवालांना एकाच तराजूत तोलून एकत्र स्वीकारायचं किंवा एकत्र फेकायचं, असं बंधन वाचकावर नाही.

‘कागदपत्रं नष्ट केली’ हे कादंबरीकारांचं सोयीस्कर कलम आहे का?

नाही, तसं खरोखर घडलं आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९५ मध्ये रॉसवेलच्या नोंदी शोधल्या. तळाच्या मार्च १९४५ ते डिसेंबर १९४९ या काळातल्या प्रशासकीय नोंदी आणि ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ या काळातले बाहेर पाठवलेले संदेश नष्ट झालेले आढळले. कुणाच्या हुकमाने आणि कधी, याची नोंद नीट सापडली नाही.

मात्र यावरून कट सिद्ध होत नाही. सरकारी दफ्तरात ठरावीक मुदतीनंतर कागद निकाली काढण्याची पद्धत जगभर आहे. शंका घ्यायची तर दोन गोष्टी पाहाव्यात: फक्त त्या आठवड्याचे कागद गायब आहेत की सगळ्या कालखंडाचे? आणि त्याच संदेशांची दुसऱ्या टोकाची, म्हणजे ज्याला ते पाठवले त्याच्या कचेरीतली प्रत मिळते का? चांगला कथानायक ही दुसरी प्रत शोधायला जातो. सुमार कथानायकाला लिफाफा आपोआप घरपोच मिळतो.

कादंबरीतल्या काळाच्या चुका चटकन कशा पकडायच्या?

काही तारखा हाताशी ठेवा. अमेरिकेचं हवाई दल स्वतंत्र झालं १८ सप्टेंबर १९४७ ला. त्याआधी ते भूदलाचा भाग होतं, म्हणून जुलै १९४७ च्या पत्रावर ‘यू. एस. एअर फोर्स’ असं शीर्षक असेल तर ते चूक. सीआयए अस्तित्वात आली तीही त्याच सप्टेंबरात. नासा १९५८ ची. आणि ग्रूम लेकची जागा, जिला जग एरिया ५१ म्हणून ओळखतं, निवडली गेली १९५५ मध्ये. रॉसवेलचे अवशेष १९४७ मध्येच ‘एरिया ५१ ला हलवले’ असं जिथे येतं, तिथे लेखकाने गृहपाठ केलेला नाही.

एरिया ५१ मध्ये खरोखर काय होतं?

यू-२ टेहळणी विमान. १९५५ च्या ऑगस्टमध्ये त्याची उड्डाणं सुरू झाली. त्या काळी प्रवासी विमानं साधारण १० ते २० हजार फुटांवरून जात आणि यू-२ साठ हजार फुटांच्या वर. संध्याकाळी खालच्या विमानाभोवती अंधार पडलेला असताना वरच्या यू-२ च्या पंखांवर अजून ऊन असे, आणि खालच्या वैमानिकाला आभाळात झगमगती वस्तू दिसे. चौकशी करणाऱ्या हवाई दलाला खरं कारण जाहीर करण्याची मुभा नव्हती. पुढे त्याच तळावर आवाजाच्या तिप्पट वेगाचं ए-१२ आलं.

पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून जास्त तबकडी-नोंदी या टेहळणी विमानांच्या होत्या, असा दावा सीआयएच्या इतिहासकाराने १९९७ मध्ये केला. तो अनेक अभ्यासकांना पटलेला नाही आणि आम्हालाही फुगवलेला वाटतो. पण काही नोंदी तशा होत्या हे नक्की. या तळाचं नाव आणि जागा सीआयएने उघड कागदांत मान्य केली ती २०१३ मध्ये, जेफ्री रिचेलसन या अभ्यासकाने २००५ मध्ये केलेल्या अर्जावर.

कादंबरीच्या सुरुवातीला ‘अतिगोपनीय’ शिक्क्याचा कागद छापलेला असतो. तो खरा असू शकतो का?

असा सर्वांत गाजलेला संच म्हणजे ‘मॅजेस्टिक १२’. रॉसवेलनंतर अध्यक्ष ट्रुमन यांनी बारा जणांची गुप्त समिती नेमली, असं सांगणारे हे कागद १९८० च्या दशकात फिल्मवर अवतरले. एफबीआयच्या फाईलमध्ये त्यांच्यावर ‘बनावट’ असं ठळक लिहिलेलं आहे. त्या समितीचा उल्लेख असलेला जुलै १९५४ चा एक टिपणकागद राष्ट्रीय अभिलेखागारातही सापडला, तेव्हा अभिलेखागाराने तो कसा तपासला ते मुद्दाम वाचण्यासारखं आहे.

त्या काळच्या अतिगोपनीय कागदांना नोंदवहीचा क्रमांक असे. यावर तो नव्हता. त्यावरचा गोपनीयतेचा शेरा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत निक्सन यांच्या कारकिर्दीपर्यंत वापरातच नव्हता. कागद पातळ होता, पण त्यावर जलचिन्ह नव्हतं. ज्यांच्या नावाने तो लिहिलेला होता त्या रॉबर्ट कटलर या अध्यक्षांच्या सुरक्षा सल्लागारांच्या कचेरीतल्या तपासलेल्या खऱ्या पातळ प्रतींवर गरुडाचं जलचिन्ह आहे. आणि ज्या तारखेचा तो कागद आहे, त्या दिवशी कटलर परदेश दौऱ्यावर होते.

कुठलाही ‘फुटलेला’ कागद याच क्रमाने बघावा: आधी नोंद क्रमांक, मग शेरा, मग कागद, मग सही करणारा त्या दिवशी कुठे होता. मजकूर सगळ्यात शेवटी. मजकूर थरारक असतो आणि तो आधी वाचला की बाकीच्या तपासण्या करायचा धीर राहत नाही.

एफबीआयच्या संकेतस्थळावर तबकड्या आणि प्रेतं सापडल्याचं पत्र आहे. ते तरी खरं ना?

कागद खरा आहे, मजकूर ऐकीव. २२ मार्च १९५० च्या या टिपणात गाय हॉटेल या अधिकाऱ्याने लिहिलं, की न्यू मेक्सिकोत पन्नास फूट व्यासाच्या तीन तबकड्या सापडल्या आणि प्रत्येकीत तीन फुटी तीन देह होते. पण ही माहिती त्याला कुणीतरी सांगितली, त्याला आणखी कुणी. एफबीआयने तिचा पाठपुरावा केला नाही आणि २०१३ मध्ये तसा खुलासाही केला. सरकारी फाईलमध्ये अफवाही तारीख घालूनच नोंदवली जाते.

‘७०१ प्रकरणं आजही न उलगडलेली’ असं मलपृष्ठावर असतं. त्याचा अर्थ काय?

तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकने १९६९ मध्ये काम गुंडाळलं, तेव्हा एकूण १२,६१८ नोंदींपैकी ७०१ ‘अनोळखी’ राहिल्या होत्या. म्हणजे साधारण साडेपाच टक्के. अनोळखी म्हणजे माहिती अपुरी पडली किंवा कुठल्याच ज्ञात गोष्टीशी मेळ बसला नाही. त्यावरून परग्रह सिद्ध होत नाही आणि साक्षीदार खोटारडाही ठरत नाही. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेचा जेपान विभाग इथे अधिक नेटका आहे: अ आणि ब म्हणजे उलगडा झालेली किंवा बहुधा झालेली, क म्हणजे माहितीच तोकडी, ड म्हणजे माहिती पुरेशी असूनही उलगडा नाही. ‘ड’ गटात मोजकीच प्रकरणं उरतात, आणि वाचकाने आपला वेळ त्यांच्यावर घालवावा.

अमेरिकी नौदलाच्या चित्रफिती तर पेंटॅगॉननेच दिल्या. त्यांचं काय?

नौदलाच्या विमानांतून टिपलेल्या अनोळखी वस्तूंच्या तीन चित्रफिती एप्रिल २०२० मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाल्या: एक २००४ ची, दोन २०१५ च्या. त्यांपैकी ‘गो फास्ट’ घरबसल्या तपासता येते, कारण आकडे पडद्यावरच आहेत.

एका क्षणी विमान २५,००० फुटांवर आहे, कॅमेरा क्षितिजापासून २६ अंश खाली रोखलेला आहे आणि वस्तूपर्यंतचं अंतर ४.४ सागरी मैल, म्हणजे सुमारे २६,७०० फूट. २६ अंशाची ज्या (साइन) ०.४३८. गुणाकार केला की ११,७०० फूट येतात. वस्तू विमानाच्या एवढी खाली आहे. २५,००० मधून वजा करा: वस्तू १३,३०० फुटांवर. म्हणजे ती समुद्राला घासून जात नाहीये. विमान वेगात असल्यामुळे मागचा समुद्र झपाट्याने सरकतो आणि मधली वस्तू सुसाट वाटते. नासाच्या अभ्यासगटाने २०२३ च्या अहवालात तिचा वेग ताशी सुमारे ४० मैल काढला, जो त्या उंचीवरच्या वाऱ्याला शोभतो. वस्तू काय होती हे यातून ठरत नाही. ‘अशक्य वेग’ हा मुद्दा मात्र निकालात निघतो.

बाकी दोन चित्रफितींत इतके आकडे हाती लागत नाहीत, आणि २००४ च्या प्रकरणात वैमानिकांनी डोळ्यांनी पाहिल्याचंही सांगितलं आहे. ते प्रकरण आम्ही मिटलेलं मानत नाही.

२०२३ मध्ये अमेरिकी संसदेत ‘सरकारकडे परकी यानं आहेत’ अशी शपथेवर साक्ष झाली. मग कादंबरी खरीच ठरली ना?

२६ जुलै २०२३ च्या सुनावणीत डेव्हिड ग्रश या माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने तसं सांगितलं. ही माहिती आपल्याला इतरांच्या मुलाखतींतून मिळाल्याचंही तिथेच सांगितलं. मार्च २०२४ मध्ये अनोळखी वस्तूंच्या नोंदी तपासणाऱ्या पेंटॅगॉनच्या आरो या कार्यालयाने इतिहासाचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात असा कार्यक्रम असल्याचा पुरावा मिळाला नाही असं आहे. त्यातच ‘कोना ब्लू’ नावाचा एक प्रस्ताव उघड झाला: परकी यानं सापडलीच तर त्यांचा अभ्यास करण्यासाठी मांडलेला आणि कधीच मंजूर न झालेला. नाव खरं, फाईल खरी, आत यान नाही. अशा प्रस्तावाबद्दल कानावर आलेला माणूस प्रामाणिकपणे ‘कार्यक्रम होता’ असं सांगू शकतो. आरो पेंटॅगॉनचंच असल्यामुळे त्याच्या शब्दावर किती विसंबायचं हा रास्त प्रश्न आहे. पण दुसऱ्या बाजूने तपासता येईल असा एकही तुकडा अजून मांडला गेलेला नाही.

‘लोक घाबरतील म्हणून लपवलं’ हे कारण पटतं का?

कादंबरीत ते सर्रास येतं आणि त्याचा आधार म्हणून ३० ऑक्टोबर १९३८ चं मंगळवासीयांच्या हल्ल्याचं रेडिओ नाटक दाखवतात. ‘देशभर पळापळ’ हे चित्र मुख्यतः वर्तमानपत्रांनी रंगवलं. त्या रात्री पाच हजार घरांत फोनवरून पाहणी झाली, तेव्हा सुमारे दोन टक्केच लोक ते नाटक ऐकत होते. काही माणसं घाबरली हे खरं, समाज कोसळला हे खोटं.

१९६० मध्ये नासासाठी ब्रुकिंग्ज संस्थेने तयार केलेल्या अहवालात परग्रहावरच्या जीवनाचा शोध लागला तर समाजावर काय परिणाम होईल याचा छोटा भाग आहे. तिथे अशी माहिती कधी द्यावी वा रोखावी, हा प्रश्न अभ्यासासाठी मांडला आहे. त्याला ‘लपवण्याचा आदेश’ म्हणणं हे वाचन नव्हे.

शीतयुद्धातली खरी भीती निराळी होती. सीआयएने जानेवारी १९५३ मध्ये बोलावलेल्या रॉबर्टसन समितीला काळजी होती ती तबकड्यांच्या तक्रारींनी इशारा यंत्रणा तुंबण्याची आणि त्या गोंधळात खरा हल्ला नजरेतून सुटण्याची. लोकांच्या मनातलं तबकड्यांचं गूढ उतरवावं, अशी शिफारस तिने केली. कादंबरीकाराने हे कारण घेतलं तर त्याची पात्रं जास्त माणसांसारखी वागतील.

दूरच्या ताऱ्याकडून संदेश आला तर सरकार तो दाबू शकेल?

रेडिओ दुर्बिणीच्या बाबतीत ते फार अवघड आहे. १९६७ च्या अखेरीस केंब्रिजमध्ये जोसलिन बेल यांना १.३३७ सेकंदांनी नेमके येणारे ठोके मिळाले. त्या गटाने काही आठवडे बाहेर वाच्यता केली नाही आणि आपसांत त्या उगमाला ‘हिरवी माणसं’ असं टोपणनाव दिलं. तेवढ्यात बेल यांना आकाशाच्या दुसऱ्या भागात तसाच उगम सापडला आणि हा नैसर्गिक तारा आहे हे स्पष्ट झालं. फेब्रुवारी १९६८ मध्ये शोधनिबंध आला. खरी गुप्तता होती ती एवढीच, आणि शास्त्रज्ञांची.

अलीकडचं उदाहरण २०१९ चं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने प्रॉक्सिमा सेंटॉरीकडे रोखलेली असताना ९८२ मेगाहर्ट्झला एक बारीक संकेत टिपला. तपासणी चालू असतानाच डिसेंबर २०२० मध्ये बातमी फुटली. तपासण्याची रीत अशी: काही वेळ ताऱ्याकडे पाहायचं, मग दुर्बीण बाजूला वळवायची, पुन्हा ताऱ्याकडे. बाजूला वळवल्यावरही संकेत दिसला तर तो पृथ्वीवरचा. या संकेताने पहिली चाळणी पार केली होती. पुढे तशाच स्वरूपाचे संकेत इतर वारंवारतांवर सापडले आणि २०२१ मध्ये तो मानवी उपकरणांचा गोंगाट ठरला.

संकेत मिळाल्यास आधी पडताळणी, मग सर्वांना कळवणं आणि सल्लामसलतीशिवाय उत्तर न पाठवणं, अशी तत्त्वं शास्त्रज्ञांनी १९८९ पासून मान्य केली आहेत. ती कायद्याने बंधनकारक नाहीत, आणि हे कथेला पोषकच आहे.

आपल्याकडे असं काही घडलंय का?

ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये चीनच्या हद्दीकडून पिवळसर गोळे उगवून तासन्‌तास आकाशातून सरकताना लष्कराला दिसत होते. ३२९ नोंदी झाल्या. चिनी ड्रोनचा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा ते शुक्र आणि गुरू निघाले. विरळ, स्वच्छ हवेत ग्रह फार तेजस्वी दिसतात. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसल्याने उड्डाणं थांबवली गेली, हवाई दलाची विमानं शोधायला गेली आणि नंतर काही दिसलं नाही.

महाराष्ट्रातलं प्रकरण तर हाताने स्पर्श करता येईल असं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. राज्याच्या मोठ्या भागात आकाशातून जळत्या रेघा जाताना दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपास धातूचे गोळेही सापडले. ते चिनी चांग झेंग ३ बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं उपग्रहांचा माग ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. इस्रोचं पथक येऊन पाहणी करून गेलं. कादंबरीत हीच घटना असती तर गावाला वेढा पडला असता. प्रत्यक्षात त्या रात्रीच तिची छायाचित्रं राज्यभर फिरली होती.

आणि परग्रहावरच्या जीवनाचा शोध आपल्याकडे उघडपणे झालेला आहे. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली इस्रोने हैदराबादहून फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा केली. २००९ मध्ये त्यातून तीन नव्या जिवाणूंची घोषणा झाली. एकाला फ्रेड हॉईल, एकाला इस्रो आणि एकाला आर्यभट यांचं नाव दिलं. ते पृथ्वीबाहेरून आले हे सिद्ध झालेलं नाही, असंही त्याच घोषणेत होतं.

मी स्वतः फाईल मागवू शकतो का?

हो. भारतात माहिती अधिकार कायदा २००५ खाली केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपये भरून अर्ज करता येतो. मजकुराची मर्यादा ३,००० अक्षरं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

अर्ज फसतो तो प्रश्न विचारल्यामुळे. ‘एलियन आहेत का?’ याला जनमाहिती अधिकारी उत्तर देणं लागत नाही, कारण कायदा नोंदी देतो, मतं देत नाही. ‘अमुक दिवशी अमुक विमानतळावरची उड्डाणं थांबवण्याच्या आदेशाची प्रत आणि त्या वेळची नोंदवही’ असं मागा. तारीख, जागा, कागदाचा प्रकार. सुरक्षेच्या कारणाने कलम ८(१)(अ) लावून नकार आला, तर कलम १० चा आधार घेऊन देता येण्याजोगा भाग वेगळा काढून मागा. वीस वर्षं उलटली की बहुतेक अपवाद गळतात, पण सुरक्षेचा गळत नाही. रॉ आणि आयबी यांच्यासारख्या संस्था कलम २४ खाली मुळातच बाहेर आहेत.

हा हक्क फक्त भारतीय नागरिकांना आहे. अमेरिकेच्या फोया कायद्याला मात्र नागरिकत्वाची अट नाही. पुण्यात बसूनही अर्ज करता येतो. कायद्यातली मुदत २० कामाचे दिवस, प्रत्यक्षात महिने किंवा वर्षं. वैयक्तिक वापरासाठी दोन तासांचा शोध आणि शंभर पानं मोफत मिळतात. ‘अशी नोंद आहे किंवा नाही, हे आम्ही सांगू शकत नाही’ असं उत्तर आलं तर त्यातून होकार वाचू नका. १९७० च्या दशकात सीआयएच्या गुप्त मोहिमेतल्या ग्लोमार जहाजाच्या प्रकरणापासून हे ठरलेलं उत्तर आहे. अर्जाआधी ब्लू बुक आणि एफबीआयचे आधीच खुले झालेले संग्रह चाळा. हवा तो कागद पुष्कळदा तिथेच असतो.

शेवटी एलियन दाखवलेच नाहीत, मला फसवल्यासारखं वाटलं. दोष माझा की पुस्तकाचा?

ते पुस्तकाने कसला शब्द दिला होता यावर ठरतं. पहिल्या शंभर पानांत तपास चालू असेल, तर शेवटी निदान एका गोष्टीचा निकाल लागायला हवा: कागद खरा की खोटा, साक्षीदार का फिरला, आदेश कुणी दिला. एवढं मिळालं आणि यानाचं दार उघडलं नाही, तर ती कादंबरीची निवड आहे. पण तपासातले धागे वाऱ्यावर सोडून ‘सत्य कुणालाच कळणार नाही’ अशा वाक्याआड लेखक लपला असेल, तर तुमचा राग रास्त आहे आणि प्रतिक्रियेत तो स्पष्ट मांडा.

प्रतिक्रिया लिहिताना काय पाळावं?

रहस्य कुठे फुटतं ते पान शोधा आणि त्याच्या पुढचं काही सांगायचं असेल तर आधी ठळक सूचना द्या, मग तीन-चार ओळी मोकळ्या सोडा. फोनवर पहिल्या ओळी आपोआप दिसतात. कथेबद्दलचं मत आणि तथ्यांबद्दलची तक्रार वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा, कारण तारखा चुकलेली कादंबरीही माणसांच्या बाबतीत अचूक असू शकते. चूक दाखवताना पान क्रमांक आणि आवृत्ती द्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीत प्रकाशकाला दुरुस्ती करता येते. कादंबरीत खऱ्या व्यक्तीच्या तोंडी घातलेली वाक्यं ‘अमुक म्हणाले’ असं करून पुढे पाठवू नका; चार जणांच्या हातून गेल्यावर त्यांचा कादंबरीशी असलेला संबंध कुणाला दिसत नाही. अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नावही लिहा.